पाच लेखी तक्रारी

चार महिन्यांत बायकोला एक दुपार तरी मोकळी मिळावी, असं जावईबापूंच्या मनात आलं आणि तिथेच सगळं फिसकटलं. मैत्रिणीकडे निघालेली बायको दारातून तीनदा मागे वळली.

"नळीचं जमेल ना हो? नाहीतर मी राहते."

"अगं, बावीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसतोय मी. गावचे नळ माझ्या भरवशावर चालतात." (चालतात ते पंपावरच्या लोकांमुळे, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.)

घशाच्या ऑपरेशननंतर सासऱ्यांना ना गिळता येत होतं, ना बोलता. जेवण पोटात बसवलेल्या नळीतून, बोलणं पाटीवरून. एकच्या ठोक्याला जावईबापूंनी त्यांना उशांना टेकवून बसवलं, दट्ट्या काढलेली सिरिंज नळीला जोडली आणि आधी थोडं पाणी ओतलं. पाणी ढिम्म हलेना.

सासऱ्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं.

"बाबा, एक मिनिट. आधी मला काम करू द्या."

जावईबापूंनी पाटी घेतली, न वाचताच पुसली आणि तिच्यावर नळीचा नकाशा काढला. कुठे कुठे तुंबली असेल तिथे फुल्या मारल्या. सासऱ्यांनी पाटी ओढून कोपऱ्यात पुन्हा लिहिलं. ह्यांनी पुन्हा पुसलं, कारण चौथी फुली तिथेच यायची होती. असं आणखी तीनदा झालं.

कोमट पाणी घालून झालं. स्टुलावर उभं राहून सिरिंज उंच धरून झाली. सासऱ्यांचं पोट आता खोलीभर ऐकू येत होतं. जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजारी माणूस आपल्यामुळे उपाशी, आणि फोन केला तर बायको धावत येणार. मग पुन्हा ती कसली जातेय कुठे.

शेवटी त्यांनी दवाखान्यातल्या सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, नळी तुंबलीय."

"जोर लावू नका. क्लॅम्प उघडलाय का?"

"अहो, मी पाणीपुरवठ्यात आहे."

"असाल. क्लॅम्प उघडलाय का?"

खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला जावईबापू बावीस वर्षं पहिलं वाक्य हेच ऐकवत आले होते: आधी घरचा कॉक उघडा आहे का बघा. लोक का चिडतात, ते त्यांना आज कळलं. त्यांनी नळीकडे पाहिलं. बायकोने सकाळी रीतसर लावलेला पांढरा क्लॅम्प तसाच घट्ट बंद होता. तो उघडताच पाणी सरसर खाली गेलं आणि मागोमाग जेवणही.

"हिला कळू देऊ नका हं, बाबा."

सासऱ्यांनी मान हलवली. उभी की आडवी, हे सुटकेच्या भरात जावईबापूंनी नीट पाहिलं नाही.

संध्याकाळी बायको हसतमुखाने घरी आली. उशाशी पाटी उभी होती. "पुरवठा चाळीस मिनिटं बंद होता. कारण मागे पाहा."

तिने पाटी उलटली.

"क्लॅम्प. पाच वेळा लेखी कळवलं. खिडकीवरचा माणूस वाचत नाही."