तायडे सरांचा एसटीतला दवाखाना

भांडलेली माणसं आली की तायडे सर त्यांना बसायला खुर्ची देत नसत, एसटीत बसवत. अमरावती ते अकोला, साधी गाडी, दोघांच्या सीटवर शेजारी शेजारी.

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून, आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून माझं घर. निवृत्त झाल्यावर त्यांनी पुढच्या खोलीत समुपदेशनाची पाटी लावली, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आणि महिन्याभरात उचलूनही टाकल्या. म्हणाले, "समोरासमोर बसवलं का दोघंई वकील होतात बाप्पा. बाजूबाजूले बसवा, मंग मानसं होतात."

बसमधले नियम ठरलेले. मोबाईल सरांच्या कापडी पिशवीत जमा. ज्याचा राग जास्त त्याला मूर्तिजापूरपर्यंत खिडकी, तिथून अदलाबदल. 'तू नेहमीच' हे दोन शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्यानं पुढच्या थांब्यावर उतरून दोघांसाठी चहा आणायचा. सर स्वतः मागे तिसऱ्या बाकावर, सोबतीला मी. पुढचं काही कानावर पडलं की मला कोपर मारत.

"बडनेऱ्यापर्यंत चूप राह्यतात," ते मला समजावत. "मूर्तिजापूरपर्यंत भांडतात. बोरगावपासून रडतात. अकोला येते तवा दोघायलेई भूक लागते. भूक लागली म्हनजे समज, बॅलन्स आला."

परतवाड्याचं एक जोडपं आठवतं. बाई नवऱ्याशी बोलेना. जे काय ते कंडक्टरमार्फत.

"त्यायले सांगा, खिडकी लावा म्हना."

"तिले सांगा, लागत नाही म्हना," नवरा समोर बघत.

असं चार-पाचदा झाल्यावर कंडक्टर उखडला. "ओ बाई, मी तिकिटं देऊ का तुमचे निरोप पोचवू? अन् मधातल्या मानसानं निरोप खाल्ला त काय करसान?"

सगळी बस हसली. ती बाईसुद्धा फिस्सकन हसली आणि तिथंच तिचा राग सुटला. सर डोळे पुसून पुसून हसत होते. मी तुरीच्या शेतांकडे बघत बसलो.

कारण तसा एक निरोप मी खाल्ला होता. आजवर तोंड उघडलं नाही, आता लिहूनच टाकतो.

सरांची एकुलती मुलगी प्रणिता. तिची आई गेल्यावर सर वेणी घालायला शिकले. वाकड्या भांगाची ती पोर शाळेत निघाली की अख्खी गल्ली तिच्याकडे बघायची. तिनं अकोल्यात आपल्या मनानं लग्न जमवलं. मुलगा सरांनाही आवडला असता, पण आपल्याला सगळ्यात शेवटी कळलं हे त्यांना लागलं. बोलणं बंद झालं. लग्नाच्या तीन दिवस आधी ती ऑफिसात माझ्या टेबलाशी आली.

"काका, बाबा फोन नाही उचलून राह्यले. गुरुवारी अकरा वाजता आहे, रजिस्टर ऑफिसात. तुमी सांगा ना त्यायले."

आणखीही बरंच सांगून गेली. संध्याकाळी मी सरांकडे गेलो. ते खुशीत होते. विषय काढला तर माझ्यावर चिडतील, रोजचा बरोबरीचा चहा तुटेल, एवढीच माझी भीती. उद्या सांगू म्हटलं. असे तीन उद्या झाले आणि गुरुवार निघून गेला.

सर समजले, पोरीनं बोलावलं नाही. पोर समजली, बाप आला नाही. सात वर्षं. आणि मी तिसऱ्या बाकावर बसून दुसऱ्यांची नाती जुळताना बघत होतो.

मागच्या हिवाळ्यात एकदा ठरलेलं जोडपं आलंच नाही. सर म्हणाले, "चाल, आपुनच जाऊ." अकोल्याच्या स्टँडवर परतीची गाडी लागली तरी बाकड्यावरून उठेनात.

"प्रणिताकडे जाऊन येतो म्हन्तो," ते म्हणाले. "पन पयलं वाक्यच सुचून नाही राह्यलं. साऱ्या जिल्ह्याले बोलतं केलं मी, अन् मलेच..." मग एकदम माझ्याकडे वळले. "अरुण, तू प्रणिता हो. मी बाप. बेल वाजवली, दार उघड."

"मी, सर?"

"उघड ना बे!"

मी हवेतली कडी काढली. शेजारची म्हातारी गाठोडं जवळ ओढून आमच्याकडे बघायला लागली. सर खाकरले. शर्टाची कॉलर नीट केली.

"कशी आहेस माय?"

"बरी आहो बाबा."

"हे जमलं," ते मला हळूच म्हणाले. मग पुन्हा बाप झाले. "लग्नाले काहून नाही बलावलं वं मले?"

मी प्रणिता होतो. उत्तर देणं भाग होतं.

"बलावलं होतं बाबा. अरुणकाकाजवळ निरोप देला होता. त्यायनं तुमाले सांगितलाच नाही."

शिवी आली असती तर मी ती आनंदानं घेतली असती. परतीची गाडी निघाली, वळली, फाटकाबाहेर गेली. मग त्यांनी माझं मनगट धरलं.

"आखीन काय म्हनलं होतं तिनं?"

एकेक शब्द मला पाठ होता.

"रागावलेलेच या म्हनली होती," मी सांगितलं. "पन या."