होकायंत्राची सुई फितूर ठरली त्याची हकीकत

श्रीसागरवासिनीस दंडवत घालोन, जे घडले तितुकेच लिहितो. ऐकणारांनी चित्त स्थिर ठेवावे. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी पश्चिम किनारी एका जलदुर्गी अंबिकाबाईसाहेब राज्य करीत होत्या. बंदराचे तोंडी बुडाले खडक, त्यांतून वाट एकच, आणि धुक्यात ती सुईवर कैशी धरावी याचा नेम किल्ला बांधणारांनी घालून दिला होता. त्याच नेमाने चालता आरमाराच्या दोन गुराबा, मोठी लढाऊ जहाजे, खडकावर फुटल्या, माणसे बुडाली, आणि दोन्ही वेळा सुकाणू धाकू तांडेलाचे हाती होते, आणि दोन्ही वेळा तो पोहोन वाचला.

मग आरमाराचे सुभेदार सुभानजी सरनाईक यांचे मनी किंतु आला. धाकूची लेक शत्रूच्या बंदरी दिलेली. सरनाईक बोलिले, "आईसाहेब, याने सोयऱ्यांसाठी जहाजे बुडविली. कडेलोट करावा." धाकू बोलिला, "सुईने दाखविले तसा गेलो, आईसाहेब." मग सुईवर संशय आला आणि आणखी चार सुया आणविल्या, तो चारही एकीकडेच पाहती. सरनाईक म्हणाले, "चारही फितल्या!" आणि बाईसाहेबांस सरनाईकांच्या घाईचाही संशय आला.

मग दरबारचे ज्योतिषी विश्वंभरभट जोशी यांसी सुई पारखण्याची आज्ञा जाहाली. बुरुजाचे कातळावर किल्ला बांधतेसमयीची सुईची रेघ कोरलेली होती. भटांनी तेथे काठी रोविली आणि माध्यान्हीच्या सावलीने खरी उत्तर धरिली, तो जुनी रेघ पश्चिमेस बहुत कललेली आणि आजची सुई उत्तरेच्या बहुत जवळ. दिवसभर पाहता सुई सकाळी केसभर इकडे, दुपारी केसभर तिकडे. दोऱ्यास टांगिता उत्तरेचे टोक खाली झुके. भट बोलिले, "धरणीची ओढ एके जागी राहत नाही. नेम आजोबांच्या काळचा, सुई आजची. त्यात जहाजे गेली."

सरनाईक हसोन बोलिले, "भटजी, तांडेलाने तुम्हांस काय दिले?"

बाईसाहेब बोलिल्या, "भटांनी आजच्या सुईवरून नवा नेम बांधावा. उद्या धुक्यात धाकू त्या नेमाने होडी काढील. सरनाईक, तुम्हीही तीतच बसाल."

पहाट उजाडली, धुके ऐसे की होडीची नाळ, पुढले टोक, दिसेना. होडी खडकांत शिरली आणि सरनाईकांनी तलवार उपसोन धाकूचे मानेशी धरिली. तोच सुई गरकन फिरली. सरनाईक ओरडले, "दगा!"

धाकू मान न हलविता बोलिला, "धनी, तलवार दूर करा. लोखंड जवळ आले की सुई त्याकडे धावते."

"म्हणजे मी निःशस्त्र व्हावे?"

"नाहीतर सगळेच बुडू."

लाटा खडकावर फुटल्याचा आवाज डावीकडे आला, मग उजवीकडेही आला. मग सरनाईकांनी तलवार दूर बसल्या एका खलाशाचे हाती दिली, आणि सुई हळूहळू आपले जागी आली. धाकूने सुकाणू वळविले आणि होडी मोकळ्या पाण्यात निघाली.

माघारी येता लोकांनी जयजयकार केला, परंतु धाकू वाळूत बसोन बुडाल्या सोबत्यांची नावे घेत रडू लागला. सरनाईक त्याचेपाशी जाऊन बसले.

मग दरसाल मार्गशीर्षी कातळावर नवी रेघ कोरावी, जुनी पुसो नये, ऐसा हुकूम जाहाला. एवंच, सुई बदलत होती आणि कोणी पाहत नव्हते. दोष द्यावा ऐसा मनुष्य सापडला नाही, आणि बुडाले ते परतले नाहीत.