पन्नाशेठचं पिस्तूल

भोकरदनच्या शाळेत मला नोकरी लागली आणि मी पन्नाशेठच्या घराची पुढली खोली भाड्यानं मागायला गेलो. नवीन माणसाला घरमालक गाव विचारतो, जात विचारतो. पन्नाशेठनं मला बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि विचारलं, "मास्तर, पिस्तुलाचे पार्ट ठेवणारा कोणी तुमच्या ओळखीत हाय का?"

मी नाही म्हणालो. तरी खोली मिळाली.

पन्नाशेठ किराणा दुकानदार, दुकान घराला लागूनच. पक्के जैन. आजोबा मारवाडातून आलेले, पण शेठची मारवाडी आता शेठाणींशी वाद घालण्यापुरती उरली होती. सूर्य मावळला की तोंडात घास नाही, गाळल्याशिवाय पाणी नाही. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या, तर गिऱ्हाईक थांबवून फुंकर मारत मारत त्यांना वाटेला लावायचे. अशा माणसाकडं पिस्तूल होतं. वडिलांनी निजामाच्या अमलात घेतलेलं. ते बनवणारी विलायती कंपनी केव्हाच बुडाली होती. पोलीस अ‍ॅक्शननंतर गावातली हत्यारं जमा झाली, तेव्हा फौजदारानं ते उलटंपालटं करून पाहिलं आणि लायसनसकट परत दिलं. म्हणाला, "शेठ, ह्यानं माणूस मारायचा तर फेकून मारावं लागंल."

शेठना त्याचं काही वाटलं नाही. गोळ्या त्यांनी कधी आणल्याच नव्हत्या. हट्ट एवढाच, की पिस्तूल चालू पाहिजे.

"मामुली खराबी हाय," ते ज्याला त्याला सांगायचे. "घोडा बसून राह्यला."

एकदा जालन्याच्या मोटारीत हे त्यांनी शेजारच्या माणसाला सांगितलं. तो पिंपळगाव रेणुकाईचा मेंढपाळ होता. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "खातो-पितो का?"

"तेल पितो. पण उठत न्हाई."

"मंग पोट शेका त्याचं."

जालना येईपर्यंत दोघं बोलत होते, आणि शेवटपर्यंत दोघांचं एकमत होतं.

घोडा उठला की आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, जायची. कमान बसली की चाप ढिला. शिवणयंत्राची कमान, घड्याळाची कमान, हार्मोनियमची पितळी पट्टी, छत्रीची काडी, शेठनं काही सोडलं नाही. सुट्टीला मी औरंगाबादेला निघालो, की तुटका तुकडा कापसात गुंडाळून माझ्या खिशात. तिथले दुकानदार तो पाहून हसायचे. मी मात्र दरवेळी काहीतरी जुळतंसं घेऊन यायचो, कारण शेठ स्टँडवर येऊन उभे असायचे.

एक गोष्ट मला कळत नसे. गावातला लोहार म्हणाला, "आणा, मी बसवून देतो," तर शेठ पिस्तूल झटकन फडक्यात गुंडाळायचे. बसवायचं ते जालन्याच्या करीम मिस्त्रीनंच. बाजाराच्या दिवशी शेठ जालन्याला जायचे, पिस्तूल चालू करून आणायचे, आणि पुढच्या बाजाराला ते पुन्हा बंद. गाव म्हणायचं, मिस्त्री शेठला खेळवून राह्यला. शेठाणींनाही तसंच वाटायचं. शेवटी त्यांनीच मला शेठबरोबर धाडलं. "मास्तर, एकदा बघून तरी या," म्हणाल्या.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे जुन्या मोहल्ल्यातली एक अंधारी खोली. भिंतीवर बंदुकांच्या रिकाम्या खुंट्या. सत्तरीचा म्हातारा, डोळ्याला जाड भिंग. शेठ शेजारच्या आडावर पाणी गाळून प्यायला गेले, तेव्हा मिस्त्रीनं तुटलेली कमान माझ्या तळहातावर ठेवली.

"ही तुटली न्हाई, मास्तर. कानशीनं कापली. बोट फिरवून बघा."

कड गुळगुळीत होती.

"कोणी कापली?"

"दुसरं कोण? पैल्यांदा लई वाईट कापायचे. आता हात बसला."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

मिस्त्रीनं भिंग पुसलं. "बंदुका गेल्या, गिऱ्हाईक गेलं. घरवाली गेली. शेठ येतात, बसतात, दिवस बराबर जातो. त्यांना वाटतं मला मालूम न्हाई. वाटू द्या."

शेठ परत आले. दोघं त्या कमानीवर दिवस मावळेस्तोवर भांडले. इतक्या आनंदानं भांडणारा माणूस मी पाहिला नव्हता.

परतताना मी शेठना काही विचारलं नाही. तेच खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पोलीस अ‍ॅक्शनच्या धामधुमीच्या साली मी जालन्यात अडकून पडल्तो. मिस्त्रीनं घरात ठेवून घेतलं. माझ्यासाठी नवी मडकी आणली. मी व्हतो तोवर त्यांच्या घरात कांदा चिरला न्हाई."

पुढं मिस्त्रीची मुलगी त्यांना हैद्राबादला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी पिस्तुलात जाड पोलादी कमान बसवून दिली. ती शेठच्या कानशीला दाद देईना. मी विचारलं, पिस्तूल कसं आहे, तर शेठ घरात कोणी आजारी असल्यासारखे म्हणाले, "चालू हाय."

काही दिवसांनी सकाळी शेठ अंगात नवा कोट घालून, हातात पिशवी घेऊन मोटारीची वाट बघत उभे दिसले. जालन्याला उतरून पुढं रेल्वेनं हैद्राबादच्या काचीगुडा स्टेशनला निघाले होते. जन्मात रेल्वेत बसले नव्हते.

"पिस्तूल नेताय?"

"न्हाई. लायसन तिथं चालत न्हाई." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत दुकानाचं मोठं पितळी कुलूप होतं. "किल्ली फिरून न्हाई राह्यली. म्हणलं, मिस्त्रीला दाखवून येतो."

घरी आलो तर दुकानाच्या कडीला सुतळी बांधलेली होती. शेठाणी पायरीवर बसून शेजारणीला सांगत होत्या, "काल दुपारपस्तोर बराबर लागत व्हतं."