कारभाऱ्यांचा चष्मा

शपथेवर सांगते, आणि मोठ्यानं सांगते, शेजारपाजारच्यांनाही ऐकू जाऊ दे: यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर तोंडात उरलेत तेवढे दात आजच्या आज पडोत. मला मीठमसाला लावायची सवय आहे असं घरात बोललं जातं. बोलू देत. या गोष्टीत मसाला घालायला जागाच नव्हती.

तर एक बाई होत्या, शाळेत इतिहास शिकवणाऱ्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. नवरासुद्धा कधी चुकून "बाई, चहा झाला का?" म्हणून जायचा आणि मग दिवसभर जरा जपूनच वावरायचा. बाईंचा एक हेका होता: पुरावा. नवरा म्हणाला, "आज दूधवाला आला नाही," की बाई विचारणार, "तुम्ही स्वतः बघितलंत, का ऐकीव?" वर्गातही तेच. मुलांनी काहीही सांगितलं तरी बाई खडू खाली ठेवून म्हणायच्या, "कशावरून?"

या बाईंनी आसपासच्या शाळांमधले इतिहासाचे शिक्षक गोळा केले आणि इंटरनेटवर एक 'सामायिक फळा' सुरू केला. प्रत्येकानं आपापल्या घरी बसून तेच तेच दळण कशाला दळायचं? एकानं धडा टाकावा, दुसऱ्यानं त्यात नकाशा घालावा, तिसरीनं प्रश्न काढावेत, आणि ज्याला वर्गात लागेल त्यानं उचलावं. नियम बाईंनी घालून दिले. संदर्भाशिवाय ओळ घालायची नाही, संदर्भाशिवाय ओळ काढायची नाही. आणि दोघांनी "वाचलं, बरोबर आहे" म्हणून हिरवी खूण केली की तो धडा पक्का. शिक्षणखात्याच्या मोठ्या साहेबांनीही कौतुकानं त्या फळ्याचा पासवर्ड मागून घेतला. "मीही मूळचा मास्तरच हो," म्हणाले. आता साहेबांना नाही कोण म्हणणार?

फळा तयार झाला, पण लिहायला कुणी धजेना. नुसते फोन. "बाई, संदर्भ कुठल्या चौकटीत टाकायचा?" "बाई, माझा फोटो आडवा पडतोय." शेवटी एका रविवारी दुपारी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या आणि म्हणाल्या, एक पान नमुन्यादाखल आपणच भरून दाखवू. काहीही खोटंनाटं लिहू, चौकटी कशा भरायच्या तेवढं कळलं म्हणजे झालं.

तेवढ्यात सासरे आत आले. हे सासरेबुवा म्हणजे घरातला पाण्याचा पहारा. कुणी भांडी घासताना नळ जरा मोठा सोडला की हे हजर.

"कोण सोडून गेलं हा नळ?"

"बाबा, थेंबच पडतोय."

"थेंब? रात्रभरात बादली भरते त्या थेंबानं! उद्या पाणी गेलं की या माझ्याकडे रडत."

बाईंना विषय मिळाला. त्यांनी लिहिलं: 'नमुना. पाण्याचे कारभारी. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी यांनी शहराच्या पाण्याची व्यवस्था लावली. स्वभाव कडक. पाणी वाया घालवणाऱ्याला सबंध गल्लीसमोर उभं करून जाब विचारत.' चित्राच्या चौकटीत सासऱ्यांचा बसच्या पासासाठी काढलेला फोटो चिकटवला, त्यात ते फोटोग्राफरवर खेकसण्याच्या बेतात होते. संदर्भाच्या चौकटीत लिहिलं, 'घरातल्या ज्येष्ठांकडून ऐकलेले'. आणि बाई पोळ्या लाटायला उठल्या.

पुढे सहामाहीचे पेपर आले, शाळेची तपासणी आली, बाई त्यात बुडून गेल्या. फळ्यावर कुणी स्वल्पविराम हलवला तरी फोन टुंगटुंग करायचा, म्हणून त्यांनी तो आवाजही बंद करून टाकला. तिथेच घात झाला.

कारण लोक खरंच कामाला लागले होते. आणि शिक्षकांना कोऱ्या पानाची भीती वाटते हो, भरलेल्या पानात दुरुस्ती करायला मात्र हात नुसते शिवशिवत असतात! एकानं पाहिलं, बाकी कुठल्याच धड्याच्या डोक्यावर 'नमुना' हा शब्द नाही, इथेच का? काढून टाकला. 'घरातल्या ज्येष्ठांकडून ऐकलेले' हे फार घरगुती दिसतं म्हणून दुसरीनं तिथे 'मौखिक परंपरा' असं लिहिलं. नकाशे काढणारे एक सर होते, त्यांनी कारभाऱ्यांचे हौद कुठे कुठे असावेत याचा नकाशा केला. मग तिसऱ्याला 'असावेत' खटकलं, त्यानं 'होते' केलं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांनी गाळलेल्या जागा घातल्या. आणि ज्या कॉम्प्युटरवाल्या सरांनी फळा बांधला होता त्यांना फोटो फार नवा वाटला. त्यांनी तो तपकिरी केला. दोनशे वर्षांपूर्वी असला चष्मा कुठला, म्हणून चष्मा पुसून टाकला. खाली लिहिलं: 'समकालीन चित्र'.

यथावकाश धड्याला दोन हिरव्या खुणा पडल्या.

बाईंना कळलं ते सगळ्या शाळांच्या सामायिक चाचणीची प्रश्नपत्रिका हातात आली तेव्हा. तिसरा प्रश्न: 'पाण्याच्या कारभाऱ्यांच्या कार्याचे महत्त्व सोदाहरण स्पष्ट करा.' बाईंनी शिक्षकांच्या खोलीत उभ्या उभ्या तो तीनदा वाचला आणि मग खुर्ची ओढून बसल्या. लगेच प्रश्नपत्रिकावाल्या मॅडमना फोन.

"मॅडम, तो तिसरा प्रश्न..."

"सोपा झाला का हो?"

"अहो, तो माणूस झालाच नाही कधी!"

"असं कसं म्हणता? फोटो आहे ना."

बाईंनी घरी येऊन पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. आधी ते पान पुसून टाकलं. चहा गाळून होतो न होतो तोच पान परत जागेवर. खाली कुणीतरी नम्रपणे लिहिलेलं: 'कृपया संदर्भाशिवाय मजकूर काढू नये. नियम दुसरा.'

बाईंनी लिहिलं, 'हा माणूस मी कल्पनेनं लिहिला आहे.'

उत्तर आलं, 'संदर्भ?'

आता काय सांगायचं? बाई स्वतःच्याच सापळ्यात स्वतःच्याच पायांनी चालत गेल्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरवाल्या सरांना गाठलं. "सर, पानाचं आधीचं रूप काढून दाखवा ना. त्यावर नमुना असं लिहिलं होतं मी."

सर जरा घुटमळले. "बाई, त्याचं काय झालं, मागच्या महिन्यात आपण फळा मोठ्या जागेत हलवला ना, तेव्हा शेवटची रूपं तेवढी आली. कुणी खूण केली तेही आलं. पण आधीचं लिखाण गेलं."

"म्हणजे इतिहासाच्या फळ्याचा इतिहासच गेला?"

"तसं म्हणायला हरकत नाही," सर म्हणाले.

त्यात साहेबांचा निरोप आला. शनिवारी सगळ्यांची बैठक. फळा आवडलाय, विशेषतः पाण्याचं पान. पटलं तर हा फळा खात्यातल्या सगळ्या शाळांना देऊ, नाही पटला तर बंद करून टाकू.

त्या संध्याकाळी बाई जेवल्या नाहीत. गप्प राहावं, तर शेकडो पोरं खोटं पाठ करणार. बोलावं, तर साहेब म्हणणार, इतिहासाच्या नावाखाली थापा चालल्यात, लावा टाळं. इतक्या जणांनी आपली झोप मोडून जे उभं केलं, ते एका रविवारच्या दुपारपायी बुडणार.

नवरा म्हणाला, "गप्प बस. दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं कोण काय वाकडं करणार आहे?"

"मेलेले नाहीत!" बाई ओरडल्या. "आतल्या खोलीत झोपलेत!"

आणि ओरडता ओरडताच त्यांना सुचलं. पुरावा हवाय ना? पुरावा आतल्या खोलीत घोरतोय.

सकाळी त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगितलं आणि फोनवर पान दाखवलं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, पान अक्षर न् अक्षर वाचलं, पुन्हा वरून वाचलं.

"गल्लीसमोर उभं करून जाब विचारत," ते म्हणाले. "यात खोटं काय आहे?"

"बाबा, दोनशे वर्षं!"

"तेवढं सोडलं तर चांगलं लिहिलंयस. घरात कधी असं बोलली नाहीस." आणि कपाटातून कोट काढून त्यांनी झटकायला घेतला.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले. पडद्यावर ते तपकिरी चित्र मोठ्ठं करून लावलेलं. बाई सासऱ्यांना घेऊन आत आल्या, त्यांना पडद्याखाली उभं केलं आणि म्हणाल्या, "बाबा, चष्मा काढा."

सासऱ्यांनी चष्मा काढला. वर तेच कपाळ, खाली तेच कपाळ. वर तोच रागीट डोळा, खाली तोच.

नकाशेवाले सर खुर्चीवरून उठले.

"वंशज!" ते म्हणाले.

आणि काय सांगू, सबंध हॉल उठून उभा राहिला! साहेबांनी पुढे होऊन सासऱ्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाई "अहो, नाही, ऐका तरी" म्हणतायत, पण टाळ्यांत कोण ऐकतो? सासऱ्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं. मॅडमनी पेन उघडलं.

"आपल्या घराण्यात पाण्याबद्दल काय सांगितलं जायचं, बाबा?"

"नळ उघडा टाकायचा नाही," सासरे म्हणाले. सगळ्यांनी लिहून घेतलं.

"आणि कुणी टाकलाच तर?"

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यातला नळ गळताना ऐकू आला, टप् टप्. सासरे बोलता बोलता उठले, बाहेर गेले, नळ आवळला आणि परत येऊन उभ्यानंच विचारलं, "कोण सोडून आलं तो नळ?"

दोन शिक्षकांनी मान खाली घातली.

"भले शिकलेले सगळे!" सासरे म्हणाले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. "आणि हा फोटो माझा आहे. बसच्या पासाचा. घेतलात तो घेतलात, माझा चष्मा कुठे घालवलात?"

या वेळी कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाई पुढे झाल्या. "चूक माझी आहे. पान मी लिहिलं, नमुन्यासाठी. इतकी वर्षं मुलांना सांगत आले, कशावरून ते विचारा. उद्या एखादं पोर मला विचारेल, बाई, हे कशावरून? मी त्याच्याकडे बघू कशी? हवं तर मला काढा. पण बाकीचे धडे खरे आहेत, त्यांना टाळं लावू नका."

साहेबांचा चेहरा दगडासारखा झाला. "ते मी ठरवीन. आधी मला सांगा, हे असलं पान पक्कं केलं कुणी? हिरव्या खुणा कुणाच्या? नावं काढा. आत्ता. पडद्यावर."

कॉम्प्युटरवाल्या सरांनी पडद्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. "साहेब, नंतर बघितलं तर..."

"आत्ता म्हटलं ना!"

सरांनी बटण दाबलं. पहिली खूण प्रश्नपत्रिकावाल्या मॅडमची. मॅडम पुटपुटल्या, "मला वाटलं, दुसऱ्यानं तपासलं असेल."

दुसरी खूण मोठ्या साहेबांची. सोबत शेराही होता: 'वाचले. अत्यंत बरोबर आहे.'

साहेबांनी टेबलावरचा पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश पीत राहिले. पेला संपला तरी ओठांपासून काढला नाही. सगळे आपापल्या नखांकडे बघत होते. शेवटी पेला खाली ठेवून साहेब म्हणाले, "फळा सगळ्या शाळांना द्यायचा. आणि हे पान काढायचं नाही. सगळ्यात आधी हेच लावायचं, चष्मा पुसलेल्या चित्रासकट. खाली प्रश्न घाला: हा माणूस खरा होता का? कशावरून?"

"आणि खुणा, साहेब?" सरांनी विचारलं.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "मुलांना त्याही तपासू देत."

चाचणीतला तिसरा प्रश्नही तसाच बदलला. बहुतेक मुलांना तो आला. एका मुलीनं लिहिलं, 'चित्रातल्या माणसाच्या नाकावर चष्म्याचे वळ आहेत.' बाईंनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले आणि तो पेपर घरी आणून सासऱ्यांना वाचून दाखवला. सासरे नाक चाचपत म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पाणी जपून वापरते का विचार."

आता संदर्भ विचाराल तर माझ्याकडेही तोच आहे: घरातल्या ज्येष्ठांकडून ऐकलेलं. दातही सगळे जागच्या जागी आहेत, बघून घ्या. बरं बाई, एक जरासा हलतोय. तो व्हरांड्यातला नळ तेवढा मी पदरचा घातला. नळ गळत नव्हता, पक्का बंद होता. पण सासरे मधेच उठून बघून आले, ते मात्र खरं.