कौसल्याबाईंच्या गॅसवरचं दूध

रविवारी दुपारी चार वाजता जाफराबादेत, भोकरदन रस्त्यालगतच्या एका विकाऊ घरात, पातेलंभर दूध उतू गेलं. त्या वेळी स्वयंपाकघरात एकच माणूस हजर होता. बसस्थानकावरचे कंट्रोलर धर्मराज फदाट. दुधाकडं बघत राहा, एवढं एकच काम त्यांना सांगितलेलं होतं.

धर्मराज महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. अंबड, परतूर, भोकरदन आणि शेवटी जाफराबाद, अशी त्यांची नोकरी झाली आणि प्रत्येक ठिकाणी ते भाड्याच्या घरात राहिले. कुठं राहायचं हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, कारण त्याचं उत्तर बदलीच्या आदेशात येत असे. आता आदेश काढणारं कुणी उरलं नव्हतं. फंडाची रक्कम एकदाच हातात येणार होती. ती घरात घातली की पुढं फक्त पेन्शन, आणि एसटीच्या पेन्शनचा आकडा धर्मराज पाहुण्यांसमोर सांगत नसत.

त्यांच्या बायकोचं, दुर्गाबाईंचं, मात्र ठरलेलं होतं. त्यांच्या सासूबाई परतूरला भाड्याच्या खोलीत वारल्या होत्या. तेरावा व्हायच्या आतच मालक दारात येऊन उभा राहिला होता. ‘खोली धुऊन घ्या चांगली. आन् कधी मोकळी करता?’ दुर्गाबाई तेव्हा तिशीच्या होत्या. ते वाक्य त्या विसरल्या नव्हत्या.

“मला भाड्याच्या घरातून उचलू नका,” त्या म्हणत. “दोन खोल्या असू द्या, पण माझ्या असू द्या.”

“बघू,” धर्मराज म्हणत.

त्या रविवारी ते खरोखरच बघायला गेले होते. घर संपतशेठ अडत्याचं. त्याची बायकापोरं आधीच संभाजीनगरला गेली होती. तो आणि त्याची आई कौसल्याबाई, एवढी दोनच माणसं मागं होती. संपत बाहेरच्या ओट्यावर फोनवर सोयाबीनच्या भावावरून कुणाशी तरी भांडत होता. कौसल्याबाईंनी चहासाठी दूध ठेवलं आणि दुर्गाबाईंचा हात धरला.

“चल बाई, तुला गच्ची दाखवते. भाऊ, तेवढं दुधाकडं बघा.”

धर्मराज दुधाकडं बघत उभे राहिले. याबाबत त्यांच्यावर अन्याय होऊ नये. त्यांनी एकदाही नजर हलवली नाही. ते मनाशी हिशोब करत होते. घेतलं तर काय, भाड्यानंच राहिलो तर काय. घेतलं आणि आजारपण निघालं तर? भाड्यानं राहिलो आणि मालकानं काढलं तर? दूध कडेनं सरकू लागलं, ते त्यांना दिसलं. मग ते मधोमध फुगलं, तेही दिसलं. फक्त हात गॅसच्या बटणाकडं गेला नाही, कारण हिशोब नेमका शेवटाला आला होता. दूध ओट्यावरून खाली फरशीवर ठिबकू लागलं, तेव्हा शेवट निसटला.

“अगं बाई!” जिन्यातून उतरणाऱ्या कौसल्याबाई म्हणाल्या.

त्यांच्या मागं दुर्गाबाई होत्या. त्या दारातच थांबल्या आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. नव्या घरात पाऊल टाकताना दूध उतू घालतात, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथं तर कुणी घातलं नव्हतं. आपोआप गेलं होतं.

“मावशी, हळदी-कुंकू कुठंय वो?” दुर्गाबाईंनी भरल्या आवाजात विचारलं.

गॅसला हळदी-कुंकू लागलं. संपत फोन ठेवून आत आला, त्यानं ओटा पाहिला, कुंकू पाहिलं आणि तो हसला.

“झालं साहेब! आता घर तुमचंच.”

“आम्ही नुसतं बघायला आल्तो,” धर्मराज म्हणाले.

हे कुणी ऐकलं नाही. दुर्गाबाई तोवर धावड्याला जावेशी फोनवर बोलत होत्या.

सोमवारी सकाळी धावड्याहून आलेल्या पहिल्या गाडीनं बातमी स्टँडवर आणली. त्या गाडीची आवक धर्मराजांनी स्वतःच्या हातानं नोंदवली. भिवा कंडक्टर खिडकीशी आला.

“साहेब, घर घेतलं आन् पेढे न्हाईत?”

“अरे, घेतलं न्हाई अजून.”

“मंग दूध कशाला उतू घातलं? लोकाच्या घरात जाऊन कुणी दूध उतू घालतं का?”

लक्ष नव्हतं असं सांगता आलं असतं. पण ज्याच्या इशाऱ्यावर दिवसभर गाड्या सुटतात, त्यानं आपलं लक्ष नव्हतं असं कंडक्टरला सांगणं बरं दिसत नाही. त्यांनी पेढे मागवले. इथं प्रकरण हाताबाहेर गेलं, असं त्यांना पुढं वाटत राहिलं.

दुपारी ते जेवायला घरी आले, तर घरमालक कचरूआबा ओट्यावर बसलेले.

“अभिनंदन कंट्रोलर साहेब. पण आमाला दुसऱ्याकडून कळावं, हे काही बराबर न्हाई.”

“आबा, अजून काही ठरलं न्हाई हो.”

“असू द्या, असू द्या. नजर लागू ने म्हणून मानूस असंच सांगतो. मी काय म्हणतो, बँकेतला तो नवा मॅनेजर लई दिवसांपासून या घरामागं लागल्ता. त्याला शब्द दिला. एक तारखेला त्याचं सामान येईल.”

“शब्द दिला? कधी?”

“आत्ताच. तुमचं दूध उतू गेलं म्हणल्यावर.”

“बिलकुल बराबर केलं आबा,” आतून दुर्गाबाईंचा आवाज आला. “आमाला आता ठेवून तरी काय करताल?”

धर्मराज जेवले नाहीत. धाकटा भाऊ भुजंग संध्याकाळी धावड्याहून भिंतीवरचं घड्याळ घेऊन आला. “दादा, शेवटी तुमीच मर्द निघाले,” असं म्हणून तो रात्रीचं जेवून गेला. दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या लोकांनीही घड्याळच दिलं.

पुढचे दोन दिवस धर्मराजांनी विचार केला. खरं तर विचार करायला काही उरलं नव्हतं. राहतं घर गेलं होतं, पेढे वाटून झाले होते, घड्याळं परत करता येत नव्हती. स्टँडवरून सुटलेली गाडी परत बोलावता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? गुरुवारी ड्युटी संपल्यावर ते सरळ संपतच्या घरी गेले. आयुष्यातला पहिला मोठा निर्णय सांगताना आवाज कापू नये म्हणून त्यांनी वाटेत दोनदा खाकरून घेतलं.

“संपतशेठ, घ्यायचं ठरलं.”

संपत ओट्यावर डोकं धरून बसला होता.

“साहेब, माय इकू देईना.”

“काय?”

“तिलाच इचारा.”

कौसल्याबाई आत शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

“भाऊ, या घराची वास्तुशांत झाली त्या दिवशी ऐन वेळेला गॅस संपल्ता. दूध तापलंच न्हाई. संपतचा बाप म्हणला, राहू दे, उद्या घालू. ते उद्या आलंच न्हाई. तवापासून मी या गॅसवर दूध कधी उतू जाऊ दिलं न्हाई, आन् जीवाला कायम रुखरुख. इतक्या वर्सांनी ते राहिलेलं काम तुमच्या हातानं झालं. घर आत्ता कुठं शांत झालं. आन् आत्ताच इकून जाऊ? तुमीच सांगा.”

धर्मराज मागं फिरले. बाहेर संपत म्हणाला, “मी तिकडं फ्लॅट बोलून ठेवला साहेब. आता तिला न्यावं का हितं ठेवावं, काही समजून न्हाई राह्यलं. थोडं थांबा. तिला मनवतो.”

ही हकिगत दुर्गाबाईंना कळली, तेव्हा त्या भांडी पोत्यात भरत होत्या. त्यांनी भरणं चालूच ठेवलं.

“दूध त्यांच्यासाठी गेलं म्हणत्यात? त्यांच्यासाठी जायचं असतं, तर आपण जायच्या आधीच नसतं का गेलं?”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी स्टँडवर धर्मराजांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, भाषणं. एक वक्ता म्हणाला, साहेब आता हक्काच्या घरात सुखानं राहतील. टाळ्या पडल्या. धर्मराज शाल अंगावर घेऊन घरी आले, तर गल्लीत दोन टेम्पो उभे होते. एक बँकेच्या मॅनेजरचा, एक दिवस आधीच आलेला. दुसरा त्यांचाच, भरलेला. दुर्गाबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या.

“बसा मागं,” त्या म्हणाल्या. “संपतशेठच्या घरी चाललो.”

कौसल्याबाई उंबऱ्यावर बसून होत्या. टेम्पो पाहून त्या उठल्या नाहीत.

“बाई, मी सांगितलं न्हाई का? दूध माझं, गॅस माझा, पातेलं माझं.”

“पण गेलं कुणासमोर मावशी? यांच्यासमोर गेलं ना?”

“समोर गेल्यानं काय हुतं? माझ्या घरात गेलं.”

दोघींचेही आवाज चढले नव्हते. दोघींनाही आपलं खरं वाटत होतं. शेजारची चार माणसं जमली. संपत आईच्या मागं उभा राहून धर्मराजांना हातानं खुणावत होता, काहीतरी बोला म्हणून. शेवटी धर्मराज पुढं झाले.

“ते दूध कुणासाठीच गेलं न्हाई,” ते म्हणाले. “माझं लक्ष न्हवतं.”

“लक्ष न्हवतं?” कौसल्याबाई म्हणाल्या. “समोर तर उभे व्हते. मंग ध्यान कुठं व्हतं?”

“घर घ्यावं का भाड्यानंच राहावं, ते ठरवून राह्यलो व्हतो.”

दुर्गाबाई टेम्पोतून खाली उतरल्या. नवऱ्याच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“मंग काय ठरलं?”

धर्मराजांनी शाल नीट केली. जमलेली माणसं वाट बघत राहिली.

“माय,” संपतनं मध्ये तोंड घातलं, “वरच्या दोन खोल्या दे ना यांना. भाड्यानं. तुला सोबत व्हईल, मलाबी तिकडं जाता येईल.”

“भाड्यानं देते की,” कौसल्याबाई लगेच म्हणाल्या. “इकायचं म्हणू नका फक्त.”

सगळे दुर्गाबाईंकडं बघू लागले. त्या हळूहळू चालत उंबऱ्यापाशी गेल्या आणि कौसल्याबाईंच्या खालच्या पायरीवर बसल्या.

“मावशी, एक इचारते. राग मानू नका. भाड्यानं राह्यलो आन् मी वरच्या खोलीतच गेले, तर काय करताल?”

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. प्रश्न त्यांना बरोबर कळला होता.

“तू माझ्याआधी कशी जाशील? मी तुझ्याहून कितीतरी मोठी.”

“समजा गेले.”

“तर माझ्या दारातून नेतील. मीच हळदी-कुंकू लावीन. तेराव्याचा स्वयंपाक खालच्या गॅसवर व्हईल. अजून काय पायजे?”

दुर्गाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“आन् तुमीच आधी गेल्या तर?”

“मंग संपत घर इकणारच. तवा तुमीच घ्या. दुसऱ्याला देऊ नको रे संपत.”

“माय, असं काय बोलती!” संपत म्हणाला, पण त्यानं मान हलवली होती, हे चारही शेजाऱ्यांनी पाहिलं.

घर भाड्यानं घ्यायचं की विकत, या प्रश्नाचं उत्तर आता दोन बायकांपैकी कोण आधी जाते यावर येऊन थांबलं होतं, आणि त्या दोघी एकाच दारात बसून वरच्या खोल्यांत ऊन कुठल्या बाजूनं येतं याविषयी बोलू लागल्या होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. त्याला अंधार पडायच्या आत भोकरदन गाठायचं होतं.

“साहेब, सामान वर चढवायचं का खालीच ठेवायचं?”

शेवटची माहिती मिळाली तेव्हा कपाट, पलंग आणि भांड्यांची पोती अंगणात उतरवलेली होती. दुर्गाबाई आणि कौसल्याबाई वरच्या खोल्या बघायला गेल्या होत्या. निवृत्त कंट्रोलर धर्मराज फदाट शाल अंगावर घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते, आणि ड्रायव्हरला त्यांनी हातानं थांबण्याचा इशारा केला होता.