धाकट्या साडूचे प्रश्न

धाकट्या साडूचा फोटो तालुक्याच्या पेपरात आला, त्या दिवशी जोतीरामराव ताटावरून निम्म्यातच उठले. (उरलेलं निम्मं त्यांनी चारच्या चहाबरोबर खाल्लं, पण रागानं.)

हा साडू म्हणजे यशराज, धाकट्या मेहुणीचा, माधवीचा, नवरा. वालचंदनगरला नोकरी, आणि उरल्या वेळात एक अजब नाद. जुन्या व्हिडिओ गेमवरच्या बंद पडलेल्या वेबसाइट हुडकायच्या, कुणाच्या तरी कपाटात पडलेल्या डिस्कमधून त्यांची पानं सोडवायची आणि पुन्हा लोकांना वाचायला खुली करायची. पेपरनं त्याला 'आठवणींचा राखणदार' म्हटलं होतं. नरसिंहपूरच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, ते कात्रण लॅमिनेट करून टीव्हीच्या वर लावलं. त्या जागी आधी जोतीरामरावांच्या लग्नाचा फोटो होता.

"आपला फोटो कुठं गेला मग?" त्यांनी बायकोला विचारलं.

"फ्रिजवर ठेवलाय," विजयमाला म्हणाल्या. "तितं बी लोक जात्यातच की. पाणी प्यायला."

पण खरं दुखणं वेगळं होतं. वीस वर्षांपूर्वी भवानीनगरात जोतीरामरावांचा नेट कॅफे होता, आणि गिऱ्हाईक नसेल त्या वेळात (म्हणजे कॅफे उघडल्यापासून बंद होईपर्यंत) त्यांनी स्वतः एक वेबसाइट चालवली होती, 'खेळगडी' नावाची. टीव्हीला जोडायच्या कॅसेटच्या गेममध्ये कुणी अडकलं, की त्यानं तिथं प्रश्न विचारायचा आणि जोतीरामरावांनी मराठीत उत्तर द्यायचं. पुढं कॅफे बंद पडला, साइट ठेवून घेणारी कंपनी बंद पडली, आणि विजयमालांच्या शालूखाली एक डिस्क तेवढी उरली. राखणदार खरा कोण? पण आपल्याकडं कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही!

आणि नेमका यशराजचाच फोन आला.

"दादा, 'खेळगडी' तुमचीच ना? माधवी म्हणाली, तुमच्याकडं डिस्क आहे. धोंड्याच्या जेवणाला घेऊन या. तात्यांच्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवू. फक्त एक करा, मूळ डिस्कला हात लावू नका. आधी कॉपी काढा आणि काय करायचं ते कॉपीवर करा."

जोतीरामरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्यानं कॅफे चालवला, त्याला हा कालचा पोरगा कॉपी काढायला शिकवणार?

त्यांनी डिस्क सरळ कॉम्प्युटरला जोडली आणि 'खेळगडी' उघडली. पहिलाच प्रश्न होता, 'दादा, दगडफेक्या राक्षसाला कसं मारायचं? यशराज, इयत्ता आठवी, वालचंदनगर.' दुसरा प्रश्न यशराजचा. तिसराही त्याचाच. पान उलटलं, तर तिथंही यशराज!

"बघितलंस?" ते ओरडले. "आठवीपास्नं पुढं पुढं करतोय! ही साइट टीव्हीवर लागली, तर लोक म्हणणार यशराजचीच हाय. माझ्या साइटवर मी पाव्हणा!"

"अवो, पोरगं शंका विचारत हुतं," विजयमाला म्हणाल्या. "आन् त्यांनी सांगितलंय तशी आधी कॉपी काढा."

"तू त्याची वकिली करू नगंस."

साइटच्या कारभाराच्या पानावर एक सोय होती, 'सदस्य काढून टाका'. जोतीरामरावांनी यशराजच्या नावावर बोट ठेवलं. पडद्यावर लांबलचक सूचना आली. ती न वाचता त्यांनी 'होय' दाबलं. पुन्हा सूचना आली, त्यांनी पुन्हा 'होय' दाबलं. लग्नाच्या बोलणीनंतर एवढ्या खात्रीनं त्यांनी कशालाच होकार दिला नव्हता.

धोंड्याच्या दिवशी नरसिंहपुरात दोन्ही जावई शेजारी शेजारी पाटावर बसले. सासूबाई सारजाबाईंनी दोघांनाही सारखेच धोंडे वाढले. (यशराजचे जरा मोठे होते. जोतीरामरावांनी तिरक्या नजरेनं मापून घेतलं.) जेवणं झाली, डिस्क टीव्हीला जोडली, भावकी सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. पेपरवालाही आला होता.

यशराज उभा राहिला.

"तात्या, पेपरात माझा फोटो आला, पण मला ह्या नादाला लावलं दादांनी. मी आठवीत होतो. रोज एक प्रश्न विचारायचो आणि दादा इतकं झकास उत्तर लिहायचे, की मी गेम सोडून उत्तरंच वाचत बसायचो. माझे गुरू हे! आज सगळ्यांना त्यांची उत्तरं दाखवतो."

माना जोतीरामरावांकडं वळल्या. विजयमालांनी पदर नीट केला. जोतीरामरावांच्या पोटातले धोंडे मात्र खरोखरीचे झाले.

टीव्हीवर 'खेळगडी' उघडली. वर नाव होतं. खाली लिहिलं होतं, 'एकूण प्रश्न : एक. एकूण उत्तरे : शून्य.'

सदस्य काढला, की त्याचे सगळे प्रश्न जातात, आणि प्रश्नांखालची उत्तरंही. सूचनेत तेवढंच लिहिलं होतं. आणि वीस वर्षांपूर्वी त्या साइटवर यशराजशिवाय कुणी काही विचारलंच नव्हतं. राहिला होता तो एकुलता एक प्रश्न इंदापूरच्या राजमहंमद कॅसेटवाल्याचा. तात्यांनी चष्मा लावून तो मोठ्यानं वाचला, "'ही साइट उघडायला एवढा येळ का लागतो?'"

सगळी सतरंजी हसली.

"आन् जावईबापू, ह्याचं बी उत्तर न्हाय दिलं व्हय तुमी?" तात्यांनी विचारलं.

यशराजनं एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा दादांच्या चेहऱ्याकडं, आणि काय ते समजला.

"जुनी डिस्क आहे तात्या, खराब झाली असंल," तो पटकन म्हणाला. "काळजी नको. दादांची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. मी पुन्हा लिहितो."

हे जोतीरामरावांना सगळ्यात झोंबलं. माणसानं चांगलं असावं, पण किती?

यशराजनं खरंच बोलल्याप्रमाणे केलं. आठवून आठवून सगळी उत्तरं लिहिली, 'खेळगडी' पुन्हा सुरू केली आणि प्रत्येक उत्तराखाली टाकलं, 'मूळ उत्तर : जोतीराम दादा, भवानीनगर.' जोतीरामरावांनी ते पान आधी विजयमालांना दाखवलं, मग दूधवाल्याला, मग तात्यांना फोन लावून वाचून दाखवलं. चार दिवस ते गल्लीतून सावकाश चालत होते, कुणाला ओळख दाखवायची असली तर सोपं जावं म्हणून.

पाचव्या दिवशी बारामतीच्या अस्मा नावाच्या मुलीनं खाली लिहिलं, 'काका, तुम्ही सांगितलं तसं दगडफेक्या राक्षसासमोर थांबलं, की आपणच मरतो. मी सगळा रविवार मेले.' तिच्यापाठोपाठ आणखी चौघांनी तीच तक्रार केली.

जोतीरामरावांनी यशराजला फोन लावला. "तू चुकीचं आठवलंस!"

"नाही दादा, तुम्ही अगदी तसंच लिहिलं होतं," यशराज अदबीनं म्हणाला. "मी पण तेव्हा मरायचो. म्हणून तर रोज नवा प्रश्न विचारायचो."

त्यानं लगेच पानावर दोन रकाने पाडले, एकात दादांचं मूळ उत्तर, दुसऱ्यात राक्षस खरोखर मरेल असं. पेपरवाल्यानं ते पान जसंच्या तसं छापलं, आणि सकाळी सकाळी तात्यांचा फोन आला.

"जावईबापू, अभिनंदन! औंदा तुमचं बी नाव आलंय पेपरात. 'चुकीचं उत्तर' लिवलंय ना, त्याच्या बरोबर खाली बघा."