कुजबुजत म्हटलेला काकडा

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगण्यासारखी नाही. मोहाडीत एका पहाटे देवाला कुजबुजत उठवलं, त्याची आहे.

कार्तिकातल्या काकड्याचा शेवटचा दिवस. भजनी मंडळ चंद्रभान विणकराच्या दारी आलं, ते त्याच्या पंधरा वर्षांच्या रुचिकाला पेटीवर बसायला न्यायला. तिला पेटी शिकवणारे बाबूलाल मास्तर त्याच सकाळच्या बसनं मुलाकडे, जवाहरनगरला, कायमचे जाणार होते. बोटं आखडल्यापासून त्यांची एकच इच्छा उरली होती : काकडा एकदा या पोरीच्या हातून ऐकावा.

चंद्रभान दारात तोंडावर बोट ठेवून उभा.

"उठवू नोका तिले. मेंदू बनून राहिला."

"काय बनून राहिला?"

"मेंदू! शाळेच्या सभेत डॉक्टरीणबाईनं सांगतलं. या वयात झोपेची घंटीच दोन तास उशिरा वाजते. आपले चार म्हणजे तिचे दोन. पोरगी आळशी नसते, आपणच अडाणी."

"अन् देव?" मृदंगवाल्या गुलाबनं विचारलं.

मंडळ विचारात पडलं. शेवटी मंडळासोबत आलेले मास्तरच म्हणाले, "इथंच म्हणू, हळू. देव उठला पाह्यजे, पोरगी नाही."

चंद्रभाननं मागाजवळच्या चिंध्या आणून टाळांना गुंडाळल्या. गुलाब फुंकर घातल्यासारखा मृदंगावर हात फिरवू लागला. अंगणात धुकं उतरलं होतं. सूर इतके मऊ निघाले, की भूपाळीची अंगाई कधी झाली कुणाला कळलं नाही. टाळकरी डुलू लागले, पण भक्तीनं नव्हे. गुलाबनं मृदंगच उशाला घेतला. उंबरठ्यावर चंद्रभान घोरू लागला.

उजाडता उजाडता रुचिका धावत बाहेर आली.

"बाबा! माहा अलार्म कोणं बंद केला?"

चंद्रभान दचकून उठला. "मीच. तुह्या मेंदूसाठी. पंचवीस वर्सांपर्यंत बनत राह्यते म्हणे."

"अन् तुमचा कधी बनला?"

उत्तराला न थांबता तिनं पेटी आणून भाता उघडला. पहिल्याच सुराला मंडळ डोळे चोळत उठलं, टाळांच्या चिंध्या सुटल्या, आणि आळीभर काकडा घुमला. मास्तर तेवढे भिंतीला टेकून निश्चल. गुलाब घाबरला.

"मास्तर, उठा! पोरगी वाजवून राहिली!"

"मालूम हाय." डोळे मिटलेलेच, पण आखडलेली बोटं मांडीवर पट्ट्या शोधत होती. "आज मलेच उठवून राहिली ते. पुरा होऊ दे, मंग उठतो."

"बस जाईल ना!"

"जाऊ दे बाप्पा. दुसरी येते."

पहाटे कुठं पेटी ऐकू आली, तर जागे असलात तरी घडीभर डोळे मिटा, आणि आमच्या बाबूलाल मास्तरांची आठवण काढा.